मोडीत काढण्याची घाई

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या दिशेने निघाले, की गोखिवरे, वालीव, सातिवली या परिसरात छोट्या कारखान्यांचे गाळे ओळीने लागतात. या गाळ्यांत एक नियम कोणी लिहून न ठेवताही पाळला जातो. लेथच्या बेअरिंगमधून आवाज येऊ लागला, तर बेअरिंग बदलले जाते. मोटार जळाली, तर ती रिवाइंडिंगला जाते आणि दोन-चार दिवसांत परत येऊन फिरू लागते. एका कारखान्याने वीस वर्षे वापरलेले यंत्र दुसऱ्याने विकत घेतले, याचे येथे कोणाला नवल वाटत नाही. परंतु त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून बिले करणाऱ्या कारकुनाचा सात-आठ वर्षांचा लॅपटॉप एके सकाळी सुरू होईनासा झाला, तर हा नियम तेथे लागू होत नाही. 'जुनाच झाला होता, आता नवीन घ्या' असा निकाल लगेच दिला जातो. खाली मोटारीला जो न्याय मिळतो, तो वर लॅपटॉपला मिळत नाही.

वस्तुतः सुरू न होणारा लॅपटॉप यंत्र म्हणून पुष्कळदा धडधाकट असतो. बिघडलेली असते ती त्याच्या डिस्कवरची कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला सर्वजण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तो आज्ञांचा संच. ती पुसून नव्याने घातली, बाजारी भाषेत 'फॉरमॅट मारला', की तेच यंत्र पुन्हा कामाला लागते. मोटारीच्या रिवाइंडिंगला निदान तांब्याची नवी तार तरी लागते. येथे तेवढाही माल लागत नाही. लागते ते थोडे ज्ञान, एक पेन ड्राइव्ह आणि एक दुपार. असे असताना एवढी यंत्रे अकाली मोडीत का निघतात, आणि ती मोडीत काढण्याचा निर्णय खरोखर कोण घेतो, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. तो केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न नाही. ज्या घरात एकच लॅपटॉप असतो, त्यावर बापाचे हिशेब आणि मुलीचा अभ्यास दोन्ही चालतात, त्या घराच्या अर्थकारणाचा तो प्रश्न आहे.

कोठे अडले ते पाहावे

संगणक सुरू होतो तो पायरीपायरीने. बटण दाबताच प्रथम जागा होतो तो मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, कायमचा बसवलेला एक छोटा आज्ञासंच. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आता यूईएफआय म्हणतात. तो स्मृती, कळफलक, डिस्क इत्यादी भाग जागेवर आहेत की नाहीत याची हजेरी घेतो. मग डिस्कवर कार्यप्रणालीला उठवणारा छोटा कार्यक्रम शोधतो. तो कार्यक्रम कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आणतो. आणि शेवटी वापरणाऱ्याच्या नावाचा पडदा दिसतो. या साखळीत यंत्र कोठे थांबले एवढे पाहिले, तरी निम्मे निदान होते.

बटण दाबूनही पडदा काळाच राहिला आणि उत्पादकाचे नावसुद्धा उमटले नाही, तर दोष बहुधा यंत्राचा असतो. स्मृतीची पट्टी सैल झालेली असते किंवा वीजपुरवठ्यात बिघाड असतो. तेथे कार्यप्रणाली पुन्हा घालून काही साधत नाही. नाव उमटले, पण पुढे 'बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर संशय डिस्कवर घ्यावा. नाव उमटले, ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहिले आणि यंत्र पुन्हा पुन्हा 'स्वयंचलित दुरुस्ती'च्या फेऱ्यात सापडले, तर कार्यप्रणालीच्या फायली खराब झाल्या असण्याची शक्यता मोठी. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली आणि थकलेल्या बॅटरीने साथ सोडली, की असे होते. सुरू होऊन काही मिनिटांतच यंत्र तापून बंद पडत असेल, तर आतल्या पंख्यावर साचलेली धूळ आधी काढावी. आणि दरवेळी तारीख जुनीच दाखवत असेल, तर कित्येक यंत्रांत दोष असतो तो रुपयाच्या नाण्याएवढ्या एका बॅटरीचा. तारीख चुकली की संकेतस्थळे उघडत नाहीत आणि वापरणाऱ्याला वाटते की सारे यंत्रच बिघडले.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे, की 'सुरू होत नाही' या एका वाक्यात चार-पाच निरनिराळे रोग दडलेले असतात आणि त्यांच्या उपचारांच्या खर्चात फार मोठे अंतर असते. रोग कोणता हे न पाहता रुग्ण गेला असे जाहीर करणारा वैद्य समाजाला चालत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र तो चालतो, कारण रुग्णाच्या घरच्यांना नाडी कोठे असते एवढेही ठाऊक नसते.

आधी कागदपत्रे, मग प्रणाली

कार्यप्रणाली नव्याने घालणे ही क्रिया अवघड नाही. परंतु तीत एक क्षण असा येतो की तेथे झालेली चूक सुधारत नाही. नवी प्रणाली कोणत्या विभागावर घालायची असे यंत्र विचारते आणि दाखवलेला विभाग पुसला जातो. दुकानदाराच्या दृष्टीने तो डिस्कचा एक भाग असतो. मालकाच्या दृष्टीने तेथे दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीची इतिवृत्ते, मुलांची छायाचित्रे आणि तीन वर्षांचे हिशेब असतात. म्हणून पहिले काम आपली कागदपत्रे बाहेर काढण्याचे. त्यासाठी बिघडलेली प्रणाली सुरू होण्याची गरज नसते. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या डिस्कला हात न लावता थेट पेन ड्राइव्हवरून चालतात. त्या चालवून आतल्या फायली दुसऱ्या बाह्य डिस्कवर उतरवून घेता येतात.

फायली उतरवताना नेहमी विसरतात त्या तीन गोष्टी. पहिली हिशेबांची. टॅलीसारख्या प्रणालीची माहिती पुष्कळदा 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसते, वेगळ्याच फोल्डरमध्ये असते. तो फोल्डर राहिला तर मार्चअखेरीस कारकुनावर काय प्रसंग ओढवतो ते सांगावयास नको. दुसरी गोष्ट मराठी टंकांची. युनिकोड रुळण्यापूर्वी शाळांनी, कार्यालयांनी आणि छापखान्यांनी श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत जो मजकूर साठवला, तो मूळ टंक यंत्रात असेपर्यंतच मराठी दिसतो. प्रणाली नवी झाली आणि टंक गेला, की तीच फाईल निरर्थक चिन्हांची रांगोळी होते. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण वाचता येत नाही. म्हणून टंकांचा फोल्डरही जपावा आणि सवड मिळताच तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा. तिसरी गोष्ट कुलपाची. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्कवरील माहिती बिटलॉकरसारख्या यंत्रणेने आपोआप कुलूपबंद होते. ते कुलूप उघडणारी अठ्ठेचाळीस अंकी किल्ली सामान्यतः मालकाच्या ऑनलाइन खात्यात नोंदलेली असते. ती किल्ली हाती नसेल, तर डिस्क शाबूत असूनही माहिती परत मिळत नाही. लॅपटॉप नीट चालू असतानाच ती उतरवून ठेवावी, एवढाच याला उपाय.

एका तारखेचा परिणाम

ही झाली घरगुती बाजू. परंतु जुन्या लॅपटॉपचा प्रश्न आज एवढा मोठा झाला आहे त्याला कारण एक तारीख आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. त्या दिवशी कोणतेही यंत्र बंद पडले नाही. पण सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारी मोफत दुरुस्ती येणे थांबले. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची मुदत कंपनीने देऊ केली. त्यापुढचा मार्ग विंडोज ११चा. आणि ती प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली तीच अटींसह. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर, थोडे अपवाद सोडता, तो आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. आठव्या पिढीचे प्रोसेसर बाजारात येऊ लागले ते २०१७ सालच्या उत्तरार्धात. म्हणजे २०१७च्या आरंभी पूर्ण किंमत मोजून घेतलेले नवे यंत्र अवघ्या साडेचार वर्षांनी पुढच्या प्रणालीस अपात्र ठरले. त्याचा पंखा, पडदा, कळफलक यांपैकी काहीही झिजलेले नसताना ते अपात्र ठरले.

कंपनीची बाजूही पाहिली पाहिजे. एका प्रणालीला दहा वर्षे आधार देणे ही या व्यवसायात काही कमी मुदत नव्हे. सुरक्षा-चिपचा आग्रहही निव्वळ कांगावा नाही. संगणकांवरील हल्ले वाढले आहेत आणि जुन्या यंत्रांत त्यांना तोंड देणे कठीण जाते. आणि मुक्त प्रणालीही अनंत काळ जुन्या यंत्रांना सांभाळत नाहीत. लिनक्सच्या जुन्या व प्रतिष्ठित वितरणांपैकी डेबियनने ऑगस्ट २०२५मधील आपल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांवर ती नव्याने बसवण्याची सोय बंद केली. तंत्रज्ञान पुढे जाणार आणि कधीतरी मागच्यांचा हात सोडणार, हे मान्य करावेच लागेल.

प्रश्न आहे तो या निर्णयाचा खर्च कोण सोसतो, हा. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य व्यय म्हणतात त्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. आधार थांबवल्याने कंपनीचा खर्च वाचतो. नव्या यंत्राची किंमत मोजतो तो ग्राहक. आणि जुने यंत्र जेथे फेकले जाते तेथील माती, पाणी आणि माणसे उरलेला खर्च सोसतात. तो कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातील किती तरी माल दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत किंवा मुरादाबादेत पोहोचतो; तेथे उघड्यावर तारा जाळून तांबे काढले जाते आणि पाट्या आम्लात बुडवून धातू वेगळे केले जातात. वसईच्या भंगारवाल्याने लॅपटॉपचे चार पैसे दिले म्हणजे व्यवहार संपला असे विकणाऱ्याला वाटते. व्यवहार तेथून सुरू होतो.

चोरीच्या प्रतीचा हिशेब

जुना लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलेल्या माणसाला बहुधा एक सोय न मागता मिळते. चार-पाचशे रुपयांत दुकानदार विंडोज, ऑफिस आणि आणखी काही प्रणाली 'फुल व्हर्जन' म्हणून घालून देतो. त्या प्रती कोठून आल्या हे कोणी विचारत नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब सांगते, की संगणक-प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वा व्यवसायासाठी वापर नसेल तरच न्यायालयाला सौम्य होण्याची मुभा आहे. वालीवच्या गाळ्यात बिले करणारा लॅपटॉप या सवलतीत बसत नाही, हे मालकाच्या ध्यानीही नसते.

कायद्याचे भय बाजूला ठेवले, तरी यातली विसंगती मोठी आहे. ज्यांनी विंडोजसह लॅपटॉप घेतला, त्यांनी त्या प्रणालीचे पैसे यंत्राच्या किमतीतच भरलेले असतात. विंडोज ८च्या काळापासून बहुतेक नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपांत परवान्याची खूण मदरबोर्डवरच नोंदलेली असते. त्याच आवृत्तीची अधिकृत प्रत पुन्हा घातली, की यंत्र ती खूण ओळखते आणि नव्याने पैसे मागत नाही. म्हणजे मालकाच्या खिशात स्वतःची किल्ली असताना त्याला चोरीची किल्ली विकली जाते आणि तो ती आनंदाने विकत घेतो. शिवाय या चोरट्या प्रती चालू करणारे कार्यक्रम आधी विषाणूरोधक बंद करायला सांगतात. पहारेकऱ्याला रजा देऊन घरात घेतलेला हा पाहुणा पुढे काय करतो, ते बँकेच्या खात्यावर आघात होईपर्यंत कळत नाही. यात दुकानदारालाच दोष देऊन भागणार नाही. ग्राहकाला अज्ञान आहे म्हणून हा व्यापार चालतो.

दुसरा मार्ग मुक्त प्रणालींचा. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतलेल्या लिनक्सवर आज उबुंटू, मिंट अशा अनेक प्रणाली उभ्या आहेत. त्या विनामूल्य मिळतात, त्यांची प्रत काढून शेजाऱ्याला देणे पूर्ण कायदेशीर असते आणि विंडोज ११ने नाकारलेल्या कित्येक यंत्रांवर त्या सुखाने चालतात. आपल्याकडे सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ साली 'बॉस' ही प्रणाली याच पायावर तयार केली; भारतीय भाषांची सोय हा तिचा एक हेतू होता. केरळने तर शाळांतील संगणक-शिक्षणच मुक्त प्रणालींवर उभे केले आणि दीड दशकाहून अधिक काळ ते टिकवले. हा पर्याय सर्वांना चालेल असे मात्र म्हणता येणार नाही. टॅली, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, जुने मराठी टंक, एखादा हट्टी प्रिंटर या गोष्टी पुष्कळदा विंडोजवाचून चालत नाहीत किंवा चालवण्यास खटपट पडते. म्हणून गाळ्यातल्या कारकुनाला तो लगेच सोयीचा होणार नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याला निबंध लिहायचा आहे, व्याख्याने पाहायची आहेत, अर्ज भरायचे आहेत, त्याच्यासाठी तो पुरेसा आहे. त्यातच जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसवली, तर नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा अंशात तोच लॅपटॉप कितीतरी वेगाने चालू लागतो.

कागदावरचे आयुष्य

कंपनी कायदा, २०१३च्या दुसऱ्या अनुसूचीत निरनिराळ्या मालमत्तांचे उपयुक्त आयुष्य दिलेले आहे. तेथे लॅपटॉपचे आयुष्य तीन वर्षे धरले आहे. हा घसारा काढण्याचा संकेत आहे. तीन वर्षांनी यंत्र टाकून द्यावे असा त्याचा अर्थ नाही. परंतु पुस्तकात किंमत शून्याच्या आसपास आली, की वस्तूही शून्याची झाली अशी समजूत हळूहळू मनात घर करते. गाळ्यातील लेथची पुस्तकी किंमतही केव्हाच संपलेली असते. तरी तो रोज माल काढतो म्हणून त्याला कोणी निरुपयोगी म्हणत नाही. लॅपटॉपलाही हाच दंडक लावला पाहिजे. तो आज कोणते काम करू शकतो, आणि ते काम करवून घेण्यास आणखी किती खर्च येईल, एवढेच दोन प्रश्न विचारावेत.

राष्ट्राच्या हिशेबातही हीच विसंगती दिसते. केंद्र सरकारने ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली; ओरड झाल्यावर ती सैल करून १ नोव्हेंबर २०२३ पासून आयात व्यवस्थापन प्रणाली आणली. आयात होणाऱ्या यंत्रांवर देशाचे परकीय चलन खर्च होते ही चिंता रास्त होती. पण देशात आधीच आलेली, पैसे मोजून झालेली यंत्रे दोन-चार वर्षे अधिक चालावीत यासाठी तेवढीच तळमळ दिसली काय? जुने यंत्र चालू ठेवणे हीदेखील आयातीतील बचतच होय. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या उपकरणांचे नूतनीकरण करणाऱ्यांना स्थान दिले आहे, ही चांगली गोष्ट. तथापि, कायद्यातले स्थान आणि नाक्यावरचे दुकान यांच्यात अजून पुष्कळ अंतर आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत राहून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या ग्रंथात टिकाऊ अर्थव्यवस्थेची मांडणी केली. निसर्गाचा न भरून येणारा साठा उपसत राहणारे अर्थकारण शेवटी हिंसेकडे जाते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्यांनी लॅपटॉप पाहिला नव्हता. परंतु खाणीतून काढलेले दुर्मीळ धातू वापरून बनवलेले यंत्र केवळ आज्ञासंच बदलला म्हणून फेकून देणारा समाज त्यांनी नेमका कोणत्या खान्यात टाकला असता, हे ओळखण्यास त्यांचे शिष्य असण्याची आवश्यकता नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट शिक्षणाची. संगणक-साक्षरतेच्या नावाखाली आपल्याकडे पत्र टंकणे आणि तक्ते करणे शिकवले जाते. यंत्र सुरू का होत नाही हे पाहण्यास शिकवले जात नाही. सायकल चालवणाऱ्याला पंक्चर काढता आले पाहिजे, अशी एके काळी अपेक्षा असे. त्याच न्यायाने माहितीची प्रत काढून ठेवणे, पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहणे आणि ती नव्याने घालणे, ही तीन प्रात्यक्षिके महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून एकदा तरी व्हावीत. ती मराठीतून व्हावीत. पडद्यावरचा इंग्रजी इशारा न समजल्याने चुकीचे बटण दाबून सारे गमावणाऱ्यांची संख्या थोडी नसेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांनी वर्षातून एकदा आपल्या वसाहतीत दुरुस्ती-शिबिर घेतले, तर विद्यार्थ्यांना हात बसेल आणि वालीवसारख्या ठिकाणच्या लहान कारखान्यांना आपले यंत्र खरेच मेले आहे का, ते विनामूल्य कळेल.

दुसरी गोष्ट कार्यालयांची. शाळा-कार्यालयांच्या कपाटांत कितीतरी संगणक डेडस्टॉक रजिस्टरच्या नोंदीपुरते जिवंत असतात. ते चालत नाहीत म्हणून वापरात नसतात, आणि निर्लेखनाची कागदपत्रे पूर्ण होत नाहीत म्हणून बाहेर जात नाहीत. निर्लेखनाच्या प्रस्तावाला 'प्रणाली नव्याने घालून पाहिली, तरी यंत्र चालले नाही' असा दाखला जोडण्याची अट घातली, तर अनेक प्रस्ताव प्रयोगशाळेतच संपतील आणि नव्या खरेदीचा पैसा ग्रंथालयाकडे वळवता येईल. जे यंत्र खरोखर बाहेर जाईल, त्याची डिस्क आधी नीट पुसली जावी, म्हणजे विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि पालकांचे दूरध्वनी भंगाराबरोबर विकले जाणार नाहीत.

तिसरी गोष्ट कायद्याची. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. ही चर्चा मुख्यतः सुटे भाग आणि माहितीपुस्तिका यांच्याभोवती फिरते. परंतु स्क्रू आणि पडदा मिळाला, पण प्रणालीचा आधारच काढून घेतला, तर दुरुस्तीचा हक्क अर्धाच राहतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांच्या विक्रीची अखेर झाल्यापासून किमान पाच वर्षे प्रणालीची अद्ययावतने देण्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडे विजेच्या उपकरणांवर तारांकित पट्टी असते. तशीच प्रत्येक लॅपटॉपवर 'या यंत्राला अमुक सालापर्यंत आधार मिळेल' अशी ठळक पट्टी लावण्याची सक्ती का असू नये? तारीख आधी कळली, तर शिक्षक आणि कारकून आपल्या पगाराचा हिशेब तिच्याप्रमाणे लावतील. आज ती खरेदीनंतर काही वर्षांनी कळते.

प्रत्येक जुना लॅपटॉप वाचवावा असा या विवेचनाचा अर्थ नाही. मदरबोर्ड जळाला, बिजागऱ्या तुटल्या, सुटे भाग मिळेनासे झाले, तर यंत्राला निरोप द्यावाच लागतो. आधार संपलेली प्रणाली चालवून तिच्यावर बँकेचे व्यवहार करणे हाही शहाणपणा नव्हे. मोडीत काढण्याचा निर्णय केव्हा तरी घ्यावा लागणारच. तो यंत्र तपासून, खर्च मांडून आणि कागदपत्रे जपून त्याच्या मालकाने घ्यावा. वालीवच्या गाळ्यात जळालेल्या मोटारीबाबत तो असाच घेतला जातो, कारण तेथे मोटार उघडून पाहणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. लॅपटॉप उघडून पाहणारी माणसे तशीच गावोगाव तयार झाली, तर परदेशी कंपनीने ठरवलेली तारीख आपल्या घरातल्या यंत्राची मृत्यूची तारीख ठरणार नाही.